सार्वजनिक काका आणि आपला कापूस

मी रिद्धपूरचा. आमच्या घरी जेवताना दोनच विषय असतात, संत्रा अन् कापूस. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले, पुढे ही सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. कापड गिरण्यांना ती हवी होती, शेतकरी संघटनांचा विरोध होता. आम्हाला कोणी विचारलं का, एवढंच बाबा म्हणाले. तेव्हा मला सार्वजनिक काका आठवले.

काकांचे खरे नाव गणेश वासुदेव जोशी. जन्म 1828 चा, साताऱ्याचा. पुण्यात वकिली करायचे. 2 एप्रिल 1870 ला त्यांनी पुणे सार्वजनिक सभा स्थापन केली. नियम कडक होता. किमान 50 माणसांचे मुखत्यारपत्र आणा, मगच सभासद व्हा! सुरुवातीच्या 95 सभासदांमागे सुमारे 6000 लोकांच्या सह्या होत्या.

त्या काळी वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईला आणि तिथून बोटीने विलायतेला जायचा. तिकडचे कापड इकडे विकायला यायचे आणि आपला विणकर रिकामा बसायचा. काकांनी 1872 मध्ये खादीचे व्रत घेतले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या इथेच बनाव्यात म्हणून खटपट केली, देशी मालाची दुकाने काढली. 1877 च्या दिल्ली दरबारात जरीच्या पोशाखांमध्ये हा माणूस चक्क खादीत गेला आणि सभेच्या वतीने हक्क मागून आला.

पण जकात ठरायची दुसरीकडेच. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे ऐकणारे लोक पार्लमेंटमध्ये होते, आपले कोणीच नव्हते. तिथे भारताला प्रतिनिधी द्या, असा अर्ज सभेने 1875 मध्ये केला होता. तो मान्य झाला नाही. 1879 मध्ये व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्या कौन्सिलातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात उठवली. त्याच वर्षी काका वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले. 25 जुलै 1880 ला ते गेले. 1882 मध्ये कापडावरची उरलेली जकातही गेली.

म्हणजे काका हरले का? मला तसं वाटत नाही. कोणाच्या वतीने बोलतोय, हे सह्यांनिशी दाखवायची सवय त्यांनी लावली. आज मतदान आहे, खासदार आहेत. तरी पुढच्या वेळी कापसाचे शुल्क ठरताना रिद्धपूरच्या 50 शेतकऱ्यांचा कागद दिल्लीच्या टेबलावर असेल का? सुट्टीत गावी गेलो की सह्या गोळा करायला सुरुवात करणार आहे. पहिली सही बाबांची.