नेग्रीचे ठिपके

आमचे गाव अंबाजोगाई तालुक्यातले. १९७४ च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला कुत्रे चावले. ते पिसाळलेले होते की नुसतेच चवताळलेले, हे कुणालाच सांगता येईना. कारण लोकांनी ते काठ्यांनी मारून ओढ्याकाठी पुरून टाकले होते. भावाला पोटात, बेंबीभोवती, चौदा सुया घ्याव्या लागल्या. सुया संपल्या, पण आईची धास्ती संपली नाही. पुढे कितीतरी महिने ती रोज सकाळी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि तो घोट गिळतो की नाही, हे पाहत उभी राहायची.

काही वर्षांनी अंबाजोगाईच्याच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना सूक्ष्मदर्शकाखाली मी एक काचपट्टी पाहिली. रेबीजने मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूचा तो पातळ काप होता. मोठ्या चेतापेशींच्या आत लालसर, गोल ठिपके दिसत होते. हे नेग्री पिंड, एवढेच आम्हाला पाठ करायचे होते. हा नेग्री कोण, हे परीक्षेत विचारत नाहीत. पण आईला हवे होते ते उत्तर या माणसाने शोधून ठेवले होते, हे लक्षात आल्यावर मी त्याचा शोध घेतला.

आडेल्ची नेग्री २ ऑगस्ट १८७६ रोजी इटलीतील पेरुजिया येथे जन्मला. पाव्हिया विद्यापीठातून १९०० मध्ये तो डॉक्टर झाला आणि तिथेच कामिल्लो गोल्जी यांच्या हाताखाली लागला. चेतापेशी रंगवून दाखवण्याची पद्धत शोधणारे हे गोल्जी पुढे १९०६ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. गुरूने शिष्याला रेबीजच्या मागे लावले. पाश्चर यांनी १८८५ मध्येच लस दिली होती खरी, पण हा रोग ज्याच्यामुळे होतो तो जंतू काही कुणाला दिसला नव्हता. कुत्रे पिसाळले होते का, हे ठरवायला त्याच्या मेंदूचा अंश सशाला टोचायचा आणि ससा आजारी पडतो का, याची दोन-तीन आठवडे वाट पाहायची, एवढाच मार्ग होता. चावलेल्या माणसाच्या घरच्यांनी ते आठवडे कसे काढले असतील, हे मला कुणी सांगायला नको.

नेग्रीने मेंदूचे काप रंगवले आणि त्याला ते ठिपके दिसले. निरोगी जनावरांच्या मेंदूत ते नव्हते. २७ मार्च १९०३ रोजी त्याने पाव्हियाच्या वैद्यकीय संस्थेपुढे आपला शोध मांडला. तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस होते. पेशीतला हा पिंड म्हणजेच रेबीजचा जंतू, हिवतापासारखाच एखादा एकपेशीय परजीवी, असे त्याचे म्हणणे होते. गोल्जींनी हिवतापाच्या परजीवींवर मोठे काम केले होते. त्या घरात वाढलेल्या शिष्याला असे वाटणे स्वाभाविकच होते.

त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये रेमलिंजर आणि रिफात बे यांनी रेबीजचे विष बारीक गाळणीतूनही पार होते, असे दाखवले. एवढा मोठा ठिपका त्या छिद्रांतून जाणे शक्यच नव्हते. म्हणजे ठिपका हा जंतू नव्हे! गंमत अशी, की देवीच्या लसीतला विषाणू गाळणीतून पार होतो, हे पुढे स्वतः नेग्रीनेच सिद्ध केले. पण आपल्या ठिपक्यांबाबतचे मत त्याने शेवटपर्यंत सोडले नाही.

मत चुकले तरी काम अडले नाही. मेंदूत ठिपके दिसले की रेबीज, हे निदान आता एका दिवसात होऊ लागले. ते दिसले नाहीत म्हणून रेबीज नाहीच, असे मात्र म्हणता येत नसे. कारण काही पिसाळलेल्या जनावरांत ते सापडतच नाहीत. लीना लुझ्झानी ही त्याची सहकारी याच निदानावर काम करत होती. १९०६ मध्ये दोघांनी लग्न केले. पुढे नेग्रीने लोम्बार्डीतल्या खेड्यांत हिवतापाविरुद्ध मोहीम चालवली आणि १९०९ मध्ये तो जंतुशास्त्राचा प्राध्यापक झाला. संसार जेमतेम सहा वर्षांचा. १९ फेब्रुवारी १९१२ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा बळी घेतला. क्षयाचा जंतू १८८२ पासून सर्वांना दिसत होता, पण त्यावर औषध नव्हते.

मग ते ठिपके होते तरी काय? उत्तर यायला शतक लागले. रेबीजचा विषाणू चेतापेशीत शिरला की आपली प्रथिने तयार करवून घेतो. ती प्रथिने आणि विषाणूचे आरएनए एकत्र येऊन, येसर आमटीवर तेलाचे थेंब जमावेत तसे, पेशीतल्या द्रवात वेगळे थेंब बनवतात. त्यांना पडदा नसतो. छोटे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. हे थेंबच विषाणूचे कारखाने. त्याच्या आरएनएच्या नव्या प्रती तिथेच निघतात आणि तिथून बाहेर पडतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये हे थेंबांचे वागणे स्पष्ट केले. म्हणजे नेग्रीने चोर पाहिला नव्हता, पण चोराचा अड्डा बरोबर हेरला होता.

पोटातल्या त्या सुया भारतात २००४ अखेर बंद झाल्या. त्या लसीमुळे क्वचित कुणाला लकवाही होई. आता दंडात मोजक्या सुया पुरतात आणि कुत्र्याच्या मेंदूची तपासणी होईपर्यंत थांबायचे कारण उरलेले नाही. कुत्रे चावले की जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जखमेत चुना-मिरची भरण्यात आणि मंत्र-उताऱ्यात वेळ गेला, तर मात्र धोका तोच राहतो. कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

माझा भाऊ वाचला. ते कुत्रे पिसाळलेले होते की नाही, हे आम्हाला कधीच कळले नाही. ओढ्याकाठच्या मातीत ते उत्तर कायमचे गाडले गेले. आईला मी नेग्रीची गोष्ट एकदा सांगितली होती. तिने सगळी ऐकून घेतली आणि त्याच्या बायकोचे पुढे काय झाले, एवढेच विचारले. नवऱ्याच्या मागेही लीना त्याच ठिपक्यांवर काम करत राहिली, असे मी सांगितले. त्यावर आई काही बोलली नाही. उठून आत गेली आणि भावासाठी पाणी घेऊन आली.