पाण्याशी पंगा घेणारा माणूस

आकाशकंदिलाला लावायचा तो कुरकुरीत जिलेटिन पेपर आठवतो? मुळात तो जिलेटिनचा नव्हताच! जिलेटिन निघते जनावरांच्या हाडा-कातड्यातून. हा कागद मात्र लाकडाच्या लगद्याचा. खरे नाव सेलोफेन, आणि जनक जाक ब्रँडनबर्गर.

माझी त्याची ओळख एका फजितीमुळे झाली. आमचं गाव सावदा, म्हणजे केळीच केळी. घडांवर घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढणीनंतर बांधावर उडत राहतात. म्हणून प्रोजेक्टसाठी कच्च्या केळीतला स्टार्च, पाणी आणि ग्लिसरीन उकळून काचेवर पसरलं. उन्हाळ्यात झकास फिल्म निघाली. पावसाळा लागला आणि तिचा चिकट लगदा झाला! प्रोजेक्ट बदलायच्या बेतात होतो, तेव्हा लायब्ररीत हा माणूस भेटला.

जन्म १८७२, झुरिच. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग फ्रान्समध्ये कापडधंद्यात नोकरी. १९०० च्या सुमारास हॉटेलात टेबलक्लॉथवर वाईन सांडलेली त्याने पाहिली आणि डाग न धरणारे कापड करायचे मनावर घेतले. कापडावर व्हिस्कोसचा, म्हणजे कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाईडने विरघळवलेल्या सेल्युलोजचा, थर दिला. कापड पुठ्ठ्यासारखे कडक झाले. प्रयोग फसला! पण थर सोलला तर हातात आली पारदर्शक फिल्म. गड्याने कापड सोडले आणि फिल्म धरली. १९०८ मध्ये यंत्र बनवले. फिल्म पातळ व लवचिक व्हायला १९१२ उजाडले.

गंमत म्हणजे पाण्याला अडवायला निघालेल्या या माणसाच्या फिल्ममधून पाण्याची वाफ आरपार जायची! त्यावर १९२७ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या विल्यम चार्च यांनी पातळ लॅकरचा थर शोधला आणि सेलोफेन घरोघरी पोचले. ब्रँडनबर्गर १९५४ मध्ये वारला. पुढे स्वस्त प्लॅस्टिकने सेलोफेनला मागे सारले. पण साधे, थर न दिलेले सेलोफेन मातीत कुजते. प्लॅस्टिक काही कुजत नाही. अर्थात, कार्बन डायसल्फाईड विषारी, हेही विसरून चालणार नाही.

मी प्रोजेक्ट बदलला नाही. आता फिल्मवर मेणाचा थर देऊन बघतोय. पहिली दोन सॅम्पल वाया गेली. आबांची अट सोपी आहे: घड तयार होईपर्यंत तीनेक महिने टिकावी, मग मातीत मिसळावी. ऐकायला सोपी, बरं का! पण त्याला बारा वर्षं लागली, माझा तर एकच पावसाळा झालाय.