जात, बाईपण आणि गोऱ्यांचा मान : पंडिता रमाबाईंनी कुठलीच उतरंड मानली नाही

लोंढा : आपल्या लोंढ्याहून पुण्याची गाडी धरायची, पुण्यात दौंडच्या गाडीत बसायचं, की वाटेत केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाई वारल्या. त्यांचा जन्म मात्र कर्नाटकातला. २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात, मराठी बोलणाऱ्या डोंगरे कुटुंबात. घरची भाषा एक आणि मुलुखाची दुसरी, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. त्यासाठी त्यांना उडुपीत पंडितांच्या सभेपुढे उभं राहावं लागलं. आई लक्ष्मीबाईंनी मग लेकीला शिकवलं. पुढे दुष्काळात आईवडील, बहीण गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथं पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती असे मान दिले. थोड्याच काळात भाऊही गेला. १८८० मध्ये त्यांनी ब्राह्मण नसलेल्या बंगाली वकिलाशी, बिपिन बिहारी मेधावींशी, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात मोडली, भाषाही वेगळी. दोन वर्षांतच पतीही गेले. पदरात मनोरमा ही लहान मुलगी.

१८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर करा, असं सांगितलं. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती झाल्या. इकडे गदारोळ उठला. तिकडेही सुटका नव्हतीच. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशपांचं म्हणणं पडलं. हिंदुस्थानी बाईनं गोऱ्या वडीलधाऱ्यांचं मुकाट्यानं ऐकावं, ही अपेक्षा. धर्म बदलला तरी डोकं गहाण टाकायला रमाबाई तयार नव्हत्या.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत पोचल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना वाहिली होती. रमाबाईंनी तोच देश जवळून पाहिला. कायद्यानं गुलामी संपली तरी काळ्या माणसांचा दुस्वास संपलेला नाही, हे त्यांनी १८८९ च्या प्रवासवृत्तात मराठी वाचकांपुढे मांडलं. बायकांच्या मताधिकाराची चळवळही त्याच पुस्तकात आली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांचं शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं पहिलं इंग्रजी पुस्तक उच्चवर्णीय स्त्रीबद्दलच होतं, आणि सदनही सुरुवातीला त्याच घरांतल्या विधवांसाठी होतं. ती मर्यादा पुस्तकानं नव्हे, दुष्काळानं तोडली. १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेल्या, फसवल्या गेलेल्या सगळ्या जातींच्या मुली त्यांनी केडगावला आणल्या. ज्यांना समाज वाईट चालीच्या म्हणायचा, त्यांच्यासाठी कृपा सदन काढलं. बाई जितकी खालच्या पायरीवरची, तितकं तिचं अंग कुणाच्याही हाती लागायचं, आणि दोष मात्र तिलाच. हे त्यांना तिथं रोज दिसत होतं. मुक्तीत बायका शेती करायच्या, विणायच्या, छापखाना चालवायच्या.

टीका करणारे आजही आहेत. त्यांचं धर्मकार्य सगळ्यांना पटेल असं नाही, पटायलाच हवं असंही नाही. पण पंडित असोत की बिशप, बाईनं किती शिकावं आणि कुणाला शिकवावं हे ठरवायचा हक्क त्यांनी कुणालाच दिला नाही.

रमाबाई गेल्या त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, मे २०२२ मध्ये, आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. ठराव झाला, चांगलंच झालं. पण शंभर वर्षांनंतरही तो करावा लागला. हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा काकूंना बोलावतो का, हे आपण प्रत्येकानं आपल्याच घरात विचारावं.