जॉर्जच्या दोन गोळ्या

बालाघाटमधलं आमचं बिरसा कान्हाच्या जंगलापासून फार लांब नाही. वाघाने गाय नेली की कुणाची बाजू घ्यायची, हे मला अजून ठरवता येत नाही. म्हणूनच जॉर्ज अ‍ॅडमसन जवळचा वाटतो. (जन्म आपल्याच इटाव्यातला, १९०६चा!)

केनियात बरेच उद्योग करून तो १९३८ मध्ये वन्यजीव खात्यात लागला. १९५६ मध्ये अंगावर आलेल्या सिंहिणीला त्याने गोळी घातली. मागे तीन बछडे निघाले. दोन हॉलंडच्या प्राणिसंग्रहालयात गेले. तिसरी, एल्सा, त्याने आणि बायको जॉयने वाढवली, शिकार शिकवली आणि रानात सोडली. जॉयचं पुस्तक गाजलं, सिनेमाही आला.

जॉर्ज मात्र १९७० पासून कोराच्या रखरखीत रानात राहून पोरके सिंह सोडायचा, त्यांच्या मागावर हिंडायचा. १९७१ मध्ये सिनेमातल्याच ‘बॉय’ नावाच्या सिंहाने त्याच्याकडच्या कामगाराला मारलं. लाडक्या बॉयला जॉर्जनेच गोळी घातली. आणि तरी तो कोरातच राहिला. इथे मी दर वेळी अडखळते.

२० ऑगस्ट १९८९ला लुटारूंच्या तावडीतल्या पाहुणीला सोडवायला म्हातारा गाडी घेऊन धावला, आणि मारला गेला. त्याला कोरातच पुरलं, भावाच्या आणि एका सिंहाच्या शेजारी.