मरियमेला साडी नेसवणारा चित्रकार

गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ साली एका सधन ख्रिस्ती घराण्यात आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. त्या काळच्या गोव्यात चर्चच्या वेदीवरची मरियम गोरीपान, युरोपीय वेषातली. पोर्तुगीज अमलात गोवेकर भाविकांचा देवही परक्या तोंडवळ्याचा होऊन बसला होता. वास्तविक येशू जन्मला पश्चिम आशियात. त्याला सोनेरी केस दिले ते युरोपातील कुंचल्यांनी. पण हे ध्यानात कोण घेतो!

वैद्यकीचा नाद सोडून फोन्सेका मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तेथील पाश्चात्य वळण मानवेना, म्हणून त्यांनी बंगालची वाट धरली. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बसू हे त्यांचे गुरू. हेच नंदलाल १९०९ ते १९११ च्या दरम्यान आपल्या अजिंठ्यात भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येऊन राहिले होते. अजिंठ्याच्या भिंतींवर सावळी, गव्हाळ, गोरी माणसे एकत्र नांदतात. देवत्व तेथे एका वर्णाला बांधलेले नाही. या शिकवणुकीचा शिष्यावर काय संस्कार झाला असेल, हे आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको.

गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियमेला साडी नेसवली, तिची कांती सावळी केली. स्वकीयांनाच ते सहन झाले नाही. पवित्र माता हिंदू स्त्रीसारखी दिसते, हा मुख्य आक्षेप. परक्यांची छाप बुजवणारा माणूसच परका ठरला! फोन्सेका पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. स्वतः कॅथलिक, आश्रम अँग्लिकन परंपरेचा. पण आसरा मिळाला तो तेथेच. मुंबईच्या फादर हेरास यांनीही त्यांना मोठे प्रोत्साहन दिले. १९५१ मध्ये विवाह झाल्यावर पत्नी आयव्ही यांचा चेहरा त्यांच्या मरियमेत उतरू लागला. देवमातेचा तोंडवळा आता घरातलाच झाला.

१९६७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

एक शंका मात्र राहते. बंगाली शैलीतली ती नाजूक, सोज्ज्वळ मरियम भारतीय खरी. पण भारतातल्या कोणत्या घरची? आपल्या मराठवाड्यात जालन्याच्या बाजूला नारायण शेषाद्रींच्या काळापासून महार-मांग वस्त्यांतली कितीतरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. उन्हातान्हात खुरपणी करून आलेल्या तिथल्या बाईने ही चित्रे पाहिली, तर तिला त्यांत आपली आई दिसेल काय?