महर्षी अण्णासाहेब कर्वे : निवडलेल्या वाटेचे मोल

आपल्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. ती व्यक्ती बहुधा आपल्याच ज्ञातीतील असावी अशी अपेक्षा असते. तिच्या मोठेपणाचा थोडासा अंश आपल्याही वाट्यास आला, असे वाटून वाचकास समाधान होते. यंदा ज्यांचे चरित्र सादर करीत आहोत, त्यांना त्यांच्या स्वतःच्याच ज्ञातीतील गावकऱ्यांनी एकेकाळी बहिष्कृत केले होते. म्हणूनच एका ज्ञातिसंस्थेच्या अंकात हे चरित्र यावे, हे आम्हांस विशेष उचित वाटते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. त्यांचे घर दापोलीजवळच्या मुरूड गावी होते. घरची स्थिती बेताची, परंतु वळण कडक व स्वाभिमानी. सतराव्या वर्षी परीक्षेला बसण्यासाठी ते सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेले. तेथे अधिकाऱ्यांनी त्यांची किरकोळ अंगयष्टी पाहून, हा मुलगा सतरा वर्षांचा असणे शक्य नाही, असे ठरविले व त्यांस परत पाठविले. पुढे 1881 साली ते मॅट्रिक झाले आणि 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन पदवीधर झाले. मुंबईत शिकवण्या करून ते संसार चालवीत. त्या तुटपुंज्या मिळकतीतूनही रुपयामागे एक पैसा ते परोपकारार्थ बाजूस काढीत, आणि गावाच्या हितासाठी ‘मुरूड फंड’ नावाचा निधीही त्यांनी उभारला होता. ज्या गावाने पुढे त्यांना दूर केले, त्याच गावासाठी हा निधी होता, एवढे येथे नमूद करून पुढे जाऊ.

1891 साली त्यांची पत्नी राधाबाई निवर्तली. पदरी रघुनाथ हा लहान मुलगा. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. तेहतीस वर्षांचा, शिकलेला, नोकरीत स्थिरावलेला विधुर! त्या काळी अशा गृहस्थास दहा-बारा वर्षांची कन्या देण्यास कितीतरी वधूपिते आनंदाने पुढे येत. शास्त्र, रूढी, आप्तेष्ट सारेच त्याच्या बाजूस. याउलट, आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांत वैधव्य आलेल्या मुलीस केशवपन करून, अंधाऱ्या कोपऱ्यात राबत आयुष्य काढावे लागे. विधवाविवाहास कायद्याने 1856 सालीच मान्यता दिली होती. परंतु कायद्याच्या मान्यतेने पंगतीतील पान मिळत नसे.

अण्णासाहेबांपुढे तीन मार्ग होते. रूढीप्रमाणे कुमारिकेशी विवाह करावा, आजन्म विधुर राहावे, अथवा विधवेशी विवाह करावा. पहिला मार्ग त्यांनी मनातून काढून टाकला. वयाने आपल्या मुलीसारख्या दिसणाऱ्या बालिकेशी लग्न लावावयाचे व त्याच वेळी विधवांच्या दुःखाविषयी हळहळही व्यक्त करावयाची, ही विसंगती त्यांच्या गणिती बुद्धीस मानवण्यासारखी नव्हती. दुसरा मार्ग निष्कलंक होता व कोणाचाही रोष ओढवून घेणारा नव्हता. आमच्या मते खरी कसोटी येथे होती. उघड अन्यायापासून दूर राहणे पुष्कळांस साधते, आणि तेवढ्याने आपले मनही निर्मळ राहते. परंतु त्याने एकाही विधवेचे दुःख कमी होत नाही.

त्यांनी तिसरा मार्ग पत्करला. देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशी यांची कन्या गोदूबाई ही बालविधवा असून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हा विवाह झाला व गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे साऱ्या महाराष्ट्रात त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

विवाहानंतर उभयता मुरूडास गेली. गावकऱ्यांनी सभा भरवून निर्णय केला : कर्व्यांशी कोणी बैठकीचाही संबंध ठेवू नये, आणि घरच्या माणसांनी त्यांना घरात घेतल्यास घरासही वाळीत टाकावे. वृद्ध मातोश्री, वडीलबंधू, लेकीसुनांचा परिवार असे सारे घर एका माणसाच्या निर्णयामुळे संकटात सापडले. पोटच्या मुलास उराशी धरावे की ज्ञातीत राहावे, हा प्रश्न मातेपुढे उभा राहिला. सुधारकाचे चरित्र लिहिताना आपण बहुधा त्याचे धैर्य वर्णन करतो व पुढे जातो. त्या धैर्याचे देणे ज्यांना फेडावे लागले, आणि ज्यांनी स्वतः तो मार्ग निवडलेला नव्हता, त्यांचा विचार मागे राहतो. अण्णासाहेबांना मात्र तो विचार सतत टोचत असे. त्यांनी आपल्या मतापासून माघार घेतली नाही. पण घरच्यांवर हट्टही धरला नाही. मातेच्या अश्रूंपुढे त्यांनी वाद केला नाही. अंतर राखणे त्यांनी स्वतःच पत्करले.

त्या सभेत बसलेले लोक दुष्ट होते, असे मानण्यास आमचे मन घेत नाही. ते सज्जन, आतिथ्यशील, देवधर्म करणारे लोक होते. आपल्या आजा-पणजांनी अशा सभांत कोणत्या बाजूस हात वर केला असेल, हे वाचकांनी ज्याच्या त्याच्या घरी विचारून पाहावे.

त्याच वर्षी अण्णासाहेबांनी विधवाविवाहाच्या पुरस्कारार्थ मंडळी स्थापन केली. परंतु थोड्याच काळात त्यांस कळून आले, की पुनर्विवाहास तयार होणाऱ्या विधवा फारच थोड्या. उरलेल्या असंख्य जणींना अन्न, विद्या व स्वावलंबन हवे होते. म्हणून 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादुर गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर, पुण्याबाहेर हिंगणे येथे, 1900 साली एका झोपडीत आश्रमाचा संसार मांडला गेला. आज तो भाग कर्वेनगर म्हणून गजबजलेला आहे. त्या वेळी ते माळरान होते. दिवसभर महाविद्यालयात शिकवावयाचे, सायंकाळी चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जावयाचे व पहाटे पुन्हा निघावयाचे, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला.

येथे त्यांनी एक असा निर्णय केला की ज्याविषयी आजही दुमत होऊ शकते. आश्रमात मुलींना पुनर्विवाहाची दीक्षा देतात, असा बोभाटा झाला असता तर एकाही पित्याने आपली विधवा कन्या तेथे धाडली नसती. म्हणून त्यांनी विधवाविवाहाच्या चळवळीतून अंग काढून घेतले. कडव्या सुधारकांनी त्यांना भित्रे म्हटले. सनातन्यांचा संशयही पुरता फिटला नाही. याहून कठोर गोष्ट अशी, की बाया स्वतः पुनर्विवाहित असल्यामुळे त्यांना अनेक वर्षे आश्रमात राहता आले नाही. ज्या विवाहासाठी अण्णासाहेबांनी गाव गमावले, तोच विवाह आश्रमाच्या दारात अडचण ठरला. आश्रम आरंभी उच्चवर्णीय विधवांपुरताच होता, हेही लपविण्याचे कारण नाही. पन्नास मुलींस आजच विद्या मिळावी म्हणून तत्त्वाचा एक अंश उद्यावर टाकावा काय? अण्णासाहेबांनी होकारार्थी उत्तर दिले. प्रस्तुत लेखकास ते उत्तर एकंदरीत योग्य वाटते, परंतु बायांच्या बाबतीत वाटत नाही.

बायांचे जीवन यामुळे फारच खडतर झाले. पतीने आपली आयुर्विम्याची पॉलिसीदेखील आश्रमास देऊन टाकली, तेव्हा मुलांचे कसे होणार म्हणून त्या व्याकूळ झाल्या. ज्याने लोकांच्या मुलींचा भार घेतला, त्याने घरच्या मुलांची तरतूद पुसून टाकावी, यात धर्म कोणता, असा प्रश्न कोणत्याही गृहिणीस पडेल. बाया मात्र रडत बसल्या नाहीत. नागपुरास जाऊन त्या सुइणीचे शिक्षण घेऊन आल्या आणि संसारास हातभार लावला. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, याही विधवाच, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या.

पुढील वृत्तांत सर्वश्रुत आहे. 1907 साली महिला विद्यालय, 1916 साली महिला विद्यापीठ, 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी. ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांनी संततिनियमनाचा पुरस्कार केला आणि त्यापायी 1925 साली अध्यापकाची नोकरी गमावली. घराण्यात वाट निवडण्याची व तिचे मोल देण्याची रीतच पडली होती, असे दिसते.

1955 साली पद्मविभूषण व 1958 साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, भारतरत्न असे सन्मान अण्णासाहेबांस लाभले. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते 1944 हे साल. त्या वर्षी, शहाऐंशी वर्षांच्या या वृद्धाने जातिभेद नाहीसा व्हावा या हेतूने समता संघाची स्थापना केली. आश्रमाच्या आरंभी जे उद्यावर टाकले होते, ते त्यांच्या स्मरणातून गेलेले नव्हते. त्याच साली बायांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले, आणि संसारातील ओढाताण त्यांनी त्यात झाकून ठेवली नाही. बाया 1950 साली निवर्तल्या. अण्णासाहेब त्यांच्यामागे बारा वर्षे होते. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.