सर टॉमस रो : जहांगिराच्या दरबारातला इंग्रज वकील

इतिहासाच्या पेपरात टॉमस रोवर टीप लिहा असा प्रश्न आला, की आपण सारे एकच वाक्य लिहून मोकळे होतो : इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून तो जहांगीर बादशहाकडे आला आणि त्याने इंग्रजांना व्यापाराची सवलत मिळवून दिली. मार्कही मिळतात. पण या वाक्याचा पहिला भाग जेवढा खरा आहे, तेवढा दुसरा नाही. रो ज्या कामासाठी आला होता ते त्याच्या हातून झालेच नाही. एका मानी माणसाने सव्वातीन वर्षांवर काळ परक्या दरबारात कसा काढला, हीच त्याची खरी हकीकत आहे.

रोचा जन्म १५८१ सालचा. घराणे लंडनच्या बड्या व्यापाऱ्यांचे. आजोबा त्या शहराचे लॉर्ड मेयर होते. ऑक्सफर्डला थोडे शिक्षण झाल्यावर तो एलिझाबेथ राणीच्या दरबारी लागला. पुढे जेम्स राजाने त्याला १६०५ मध्ये ‘सर’ केले. १६१० साली तो दक्षिण अमेरिकेत गियानाच्या किनाऱ्यावर सोन्याच्या शोधात भटकून आला. सोने काही मिळाले नाही, पण परमुलखात टिकून राहण्याची सवय झाली.

ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा अशाच माणसाची गरज होती. १६०९ मध्ये आग्र्यास पोचलेल्या विल्यम हॉकिन्सला तुर्की भाषा येत असे, म्हणून बादशहाची त्याच्यावर मर्जी बसली. परंतु गोव्याच्या पोर्तुगीजांचे दरबारात वजन होते आणि हॉकिन्सला हात हलवीत परतावे लागले. त्यानंतर आलेला एडवर्ड्सही व्यापारीच. स्वतःला वकील म्हणविणाऱ्या या व्यापाऱ्यांना सुरतेचे अंमलदार विचारीनात. तेव्हा खुद्द राजाचे पत्र घेऊन कुलीन माणूस पाठवावा असे ठरले. पत्र राजाचे, पण वर्षाला ६०० पौंडांचा पगार कंपनीचा, आणि स्वतःचा खासगी व्यापार करायचा नाही ही अट. राजाचा वकील आणि व्यापाऱ्यांचा चाकर अशी ही दुहेरी ओढाताण रोला शेवटपर्यंत पुरली.

सप्टेंबर १६१५ मध्ये तो सुरतेस उतरला. त्याच्या स्वागताला आलेले अधिकारी तंबूत गालिच्यावर बसूनच होते. ते उठून उभे राहिल्याशिवाय आपण पुढे येणार नाही, असा निरोप त्याने पाठविला. ते उठले. मग जकातीचा तंटा निघाला. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येकाची अंगझडती घेण्याचा तिथला रिवाज होता. वकिलाच्या आणि त्याच्या माणसांच्या अंगाला हात लावू देणार नाही, म्हणून रो अडून बसला. आपल्याला आज हा पोरकट हट्ट वाटेल. पण त्याच्यापाशी फौज नव्हती, आरमार म्हणजे चार व्यापारी गलबते. मान हेच त्याचे सगळे भांडवल होते आणि ते पहिल्याच दिवशी खर्चून चालणार नव्हते.

वाटेत बुऱ्हाणपुरास शहाजादा परवीझचा मुक्काम होता. तेथे जमिनीला डोके टेकण्यास सांगितले, ते रोने नाकारले. बसायला खुर्ची मागितली, ती मिळाली नाही. फार तर खांबाला टेकून उभे राहावे, एवढी मेहेरबानी झाली. खासगी भेटीत पुढचे बोलू असे ठरले. रोने नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटीही दिली होती. शहाजाद्याने ती लगेच उघडली आणि भेटीची वेळ झाली तेव्हा तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता! रोही तापाने अंथरुणाला खिळला. डिसेंबरअखेर अजमेरला पोचला तो अर्धमेल्या अवस्थेतच.

१० जानेवारी १६१६ रोजी बादशहाची पहिली भेट झाली. आपल्या देशाच्या रीतीने मुजरा करण्याची मुभा जहांगिराने त्याला आनंदाने दिली. तो रोशी नेहमीच ममतेने वागला, अपरात्री बोलावून घेऊन गप्पा मारल्या. रोजवळच्या एका चित्राच्या आपल्या चिताऱ्याकडून पाच नकला करवून त्याने सहाही चित्रे दिव्याच्या उजेडात समोर ठेवली. आपले कोणते हे ओळखताना रोची तारांबळ उडाली. विलायती घोडागाडीचीही तीच गत. दरबारच्या कारागिरांनी ती खोलून हुबेहूब दुसरी बनविली आणि मूळ गाडीचे अस्तर काढून जरीकापड चढविले. ती नूरजहानला मिळाली. जगाच्या नकाशांचे पुस्तक मात्र काही दिवसांनी परत आले, कारण ते कोणाला वाचता येईना. एवढ्या हलक्या भेटी पाठविणारा राजा खरोखर मोठा आहे काय, असे बादशहाने जेझुइट पाद्र्याला हळूच विचारल्याचे रोच्या कानी आले तेव्हा त्याला फार लागले.

याच अजमेरात टॉमस कोर्याट नावाचा विक्षिप्त इंग्रज जेरुसलेमहून पायी चालत येऊन राहिला होता. त्याने झरोक्याखाली उभे राहून बादशहापुढे फारसीत भाषण ठोकले आणि १०० रुपये मिळविले. इंग्रजांची अब्रू गेली म्हणून रो त्याच्यावर चिडला. मला मात्र वाटते, की त्या चिडण्यात थोडा मत्सरही असावा. रोला फारसी येत नव्हती. दुभाष्यांवाचून त्याचे पान हलत नसे, आणि ते बिचारे त्याचे खरमरीत बोलणे बादशहापुढे तसेच्या तसे उच्चारायला धजत नसत.

रोला हवा होता दोन राजांमधला कायमचा तह. घोडे पेंड खात होते ते इथेच. दूरच्या एका बेटाच्या राजाशी बरोबरीच्या नात्याने करार करावा, ही कल्पनाच मोगलांना पटणारी नव्हती. शिवाय सुरत शहाजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शहाजहानच्या ताब्यात होती. बादशहा गोड बोले आणि शहाजादा अडवी. छावणी अजमेरहून मांडूला, मांडूहून अहमदाबादला हलली, तसा रोही मागोमाग फिरला. मांडूच्या डोंगरावर पाण्याचे हाल सोसले. अखेर १६१८ मध्ये अहमदाबादेस खुर्रमकडून जे फर्मान मिळाले त्यात व्यापाराची आणि राहण्याची परवानगी होती, पण घर विकत घेण्याची किंवा बांधण्याची नव्हती. तह नाहीच.

परंतु रोच्या हुशारीची खूण मला दिसते ती नोव्हेंबर १६१६ मध्ये त्याने कंपनीला धाडलेल्या पत्रात. या कामाला राजाचा वकील नकोच, असे त्याने स्वतःच कळविले. साधा गुमास्ता पाठवा, त्याला वाकता येईल आणि त्याचे काम होईल. किल्ले आणि फौजा यांच्या नादी लागू नका, पोर्तुगीज त्यांच्याच खर्चाने भिकेला लागले आहेत, हेही त्यात होते. ज्या मानासाठी आपण भांडलो तोच मान धन्याच्या कामाच्या आड येतो, हे कबूल करायला मोठे मन लागते. वकिलाविषयीचा सल्ला कंपनीने बराच काळ पाळला. फौजेविषयीचा सल्ला पुढे कसा धाब्यावर बसविला गेला, ते सांगायला नको.

फेब्रुवारी १६१९ मध्ये रोने सुरत सोडली. त्याच्या रोजनिशीचे पान नि पान जहांगिराने भरले आहे. जहांगिरानेही आत्मचरित्र लिहिले. त्यात सारस पक्ष्यांच्या जोडीचे मोठ्या हौसेने केलेले वर्णन आहे, पण टॉमस रोचे नाव एकदाही नाही. लंडनच्या पार्लमेंटमध्ये मात्र रो जहांगिरापुढे उभा असल्याचे भव्य चित्र १९२७ साली भिंतीवर लागले!

त्याच्यानंतर सुमारे ८० वर्षे इंग्लंडच्या राजाचा वकील मोगल दरबारी आला नाही. आला तो सर विल्यम नॉरिस, आणि १७०१ मध्ये त्याची औरंगजेबाशी भेट झाली ती आपल्या पन्हाळ्याच्या वेढ्यात. समुद्रावरच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्याचा जामीन बादशहाने मागितला. तो देणे नॉरिसला शक्य नव्हते. तोही रिकाम्या हाताने निघाला आणि १७०२ मध्ये परतीच्या प्रवासात जहाजावरच वारला.

रोचे नशीब त्याहून बरे. १६२१ ते १६२८ तो तुर्की सुलतानाकडे इस्तंबूलला वकील होता. तेथल्या ग्रीक धर्मगुरूने त्याच्या हाती इंग्लंडच्या राजासाठी बायबलची एक अतिप्राचीन हस्तलिखित प्रत दिली. ती आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १६२९ मध्ये स्वीडन आणि पोलंड यांच्यातल्या लढाईचा तहनामा घडवून आणण्यात त्याचा हात होता. हिंदुस्थानात हुकलेला तह त्याला तिकडे साधला. १६४० साली तो ऑक्सफर्डतर्फे पार्लमेंटवर निवडून गेला. थोड्याच दिवसांत राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. ती चालू असतानाच १६४४ च्या नोव्हेंबरात तो वारला.